लोकगीत, ब्लूज आणि पॉप, तिन्ही एकाच अल्बममध्ये: इंदूरला घरी बसून पहिला अल्बम कसा करायचा

गाणी स्वतःची आहेत, गिटार बऱ्यापैकी येते, आजीच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी लहानपणापासून कानात आहेत, कॉलेजात ब्लूजचं वेड लागलं, आणि पॉप तर काय रिक्षातपण वाजत असतं. आता पहिला अल्बम काढायचाय आणि त्यात हे सगळं हवंय. इंदूरच्या मराठी घरांमधली अशी बरीच पोरं-पोरी मला भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की हे तिन्ही मिसळायचं कसं. माझं उत्तर थोडं उलटं आहे: मिसळूच नका. म्हणजे अल्बममध्ये तिन्ही असू देत, पण प्रत्येक गाण्यात एकच यजमान ठेवा आणि बाकीचे दोघं पाहुणे.

होतं काय, की गाणं लिहून होतं, मग कोणीतरी म्हणतं यात थोडं फ्यूजन करू, मग खाली ढोलक येतो, मध्ये कडव्यांच्या फटीत ब्लूजचा सोलो घुसतो, ध्रुवपदाला सिंथ लागतो, आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही की हे गाणं नक्की आहे कोणाचं. तिघंही यजमानासारखे वागायला लागले की गोंधळच (देवीचा नव्हे). म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एक कागद घ्या, प्रत्येक गाण्यासमोर लिहा यजमान कोण, आणि प्रत्येक पाहुण्याने फक्त एकच वस्तू आणायची, ती कुठली, तेही लिहा. भोंडल्याच्या चालीवर बेतलेलं गाणं असेल तर यजमान लोकगीत, ब्लूजने आणायचा गिटारमधला कोमल नी, पॉपने आणायचं एक छोटं ध्रुवपद जे लवकर येतं आणि परत परत येतं. बस. दुसरी वस्तू आणायचा मोह होईल, तेव्हा कागद बघायचा.

लोकगीत घ्यायचं कुठून

आपण इंदूरवाले याबाबतीत नशीबवान आहोत. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, फुलांच्या पाकळ्या लावतात आणि संध्याकाळी तिची गाणी म्हणतात, आणि ते संपतंय तोवर नवरात्र लागून आपल्याकडे भोंडला सुरू. म्हणजे पाठोपाठ दोन भाषांमधली मुलींची गाणी, दोन्हीत सासर-माहेर, दोन्हीत खाऊ. दोन्ही ज्यांच्या घरात ऐकली गेली असे लोक पुण्यात शोधून मिळणार नाहीत. ज्या काकू, आत्या, शेजारच्या भाभी हे म्हणतात त्यांच्याकडे बसा, फोनवर रेकॉर्ड करा (विचारून), आणि घाई करू नका, पहिल्या वेळी सगळ्या लाजतात आणि चहा झाल्यावर खरं गायला लागतात.

मग निर्गुणी भजनं, म्हणजे कबीराची निराकार देवाची भजनं. देवास इथून तासाभरावर. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयावर हवा चांगली म्हणून तिथे आले, अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची गाणी ऐकली आणि पुढे लोकधुनांमधून नवे राग उभे केले, त्यांना ते धूनउगम राग म्हणायचे. हे सांगायचं कारण म्हणजे पद्धत बघा. त्यांनी लोकगीत उचलून त्याला दागिने नाही घातले, धुनेचं वळण कुठे आहे ते शोधलं आणि त्या वळणातून नवीन काहीतरी वाढवलं. आपण काही कुमारजी नाही, पण वळण शोधणं आपल्यालाही जमतं: गाणं शब्दांशिवाय गुणगुणा, मग नुसत्या टाळ्यांनी त्याची लय वाजवा, आणि जी जागा प्रत्येक वेळी तुमच्या तोंडात आपोआप येते ती लिहून ठेवा. ती दोन-तीन स्वरांची जागाच घ्या. अख्खी चाल घेऊ नका.

कबीर ऐकायचा असेल तर भजनमंडळीच्या समोर बसून ऐका. पद्मश्री प्रह्लादसिंह टिपानियांच्या मंडळीमुळे हे गाणं जगभर पोचलं, पण माळव्यातल्या गावागावांत अशा मंडळ्या आहेत. तंबूरा, करताल, ढोलक, मंजिरे, आणि एकाने ओळ टाकली की बाकीचे उचलतात. हे उचलणं लक्षात ठेवा, ब्लूजमध्ये परत कामाला येणारे.

ओव्यांसाठी पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावी जमवलेला, एक लाखाच्या वर ओव्या. आवाजही ऐकायला मिळतात. गीतकाराने महिनाभर दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल.

आणि हक्कांचं इथेच उरकते. पारंपरिक शब्द आणि चाल कोणाच्या मालकीची नसते, पण एखाद्याने केलेलं रेकॉर्डिंग असतं, भारतात त्यावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे यूट्यूबवरून एखाद्या मंडळीचा तुकडा कापून गाण्यात टाकणं हे चालत नाही, तो तुकडा कितीही जुन्या भजनाचा असो. तुम्हीच गा, क्रेडिटमध्ये "पारंपरिक" लिहा, आणि ज्या बाईकडून गाणं मिळालं तिचं नाव तिला विचारून तिला हवं तसं लिहा, जमलं तर पैसेही द्या, नुसती साडी देऊन सुटू नका.

ब्लूज: इथे जरा बसायचं

ब्लूज म्हणजे दुःखी गाणं एवढंच डोक्यात असेल तर ते काढा. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीनंतरच्या काळात कृष्णवर्णीय लोकांच्या शेतातल्या, मजुरीच्या गाण्यांमधून ते आलं. श्रमगीतातून आलेलं गाणं, आणि आपली जात्यावरची ओवीही श्रमगीतच. म्हणून दोघांचं जमतं. फक्त ओवी गाताना मिसिसिपीचा उच्चार काढायचा नाही, प्लीज.

साचा सोपा आहे. बारा बार (एक बार म्हणजे चार ठोके), तीन कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर). ए मध्ये धरलं, म्हणजे ए ला सा मानलं, तर पहिले चार बार ए-सेवन, मग दोन बार डी-सेवन, दोन बार परत ए-सेवन, मग एक बार ई-सेवन, एक डी-सेवन आणि शेवटचे दोन ए-सेवन. शब्द तीन ओळींचे: पहिली ओळ, तीच परत (थोडी हलवून), आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, त्यातल्या साधारण दोनात गायचं आणि उरलेल्या दोनात गिटार बोलते. तेच ते मंडळीचं उचलणं. उदाहरण म्हणून हे आत्ताच जुळवलंय (सराफा म्हणजे आपला रात्रीचा खाऊबाजार), फार मनावर घेऊ नका:

सराफ्यात गर्दी फुटली रे, तुझा पत्ता नाही
अरे सराफ्यात गर्दी फुटली, अजून तुझा पत्ता नाही
भुट्ट्याचा कीस गार झाला, आता मला भूकच नाही

बघा, दुसरी ओळ तीच असूनसुद्धा वेगळी लागते कारण खाली कॉर्ड बदललेली असते, डी-सेवन आलेली असते. लोकांना हे कळत नाही आणि मग ते दुसऱ्या ओळीत नवीन शब्द कोंबतात. नका कोंबू. आणि मराठीत अजून एक सोय आहे, मोठ्या अभंगाचे चार चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे असतात, शेवटचा तोकडा, म्हणजे तिथे आपोआप जागा सुटते, गिटारच्या उत्तराला ती जागा तयारच आहे.

स्वर. ब्लूजची सरगम म्हणजे सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र म काढला की राहतो तो धानी रागाचा सांगाडा, त्यामुळे ज्यांनी थोडंफार क्लासिकल केलंय त्यांना हे परकं वाटायचं काही कारण नाही. आणि जोग गाऊन बघा, चढताना शुद्ध ग, उतरताना शेवटी कोमल ग, हे सगळं ए-सेवन कॉर्डवर इतकं बरोबर बसतं की हसू येतं. पण ब्लूजचा खरा गंधार या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो, आणि हार्मोनियममध्ये ती पट्टीच नाही. गळ्यात आहे, सारंगीत आहे, गिटारची तार ओढली की आहे, स्लाइडवर, म्हणजे तारेवरून सरकवायच्या नळीवर, आहे (विश्वमोहन भट्टांनी स्लाइडवरच तर अख्खी गायकी वाजवून दाखवली, राय कूडरसोबतच्या अल्बमला ग्रॅमीही मिळालं). म्हणून माझा नियम, ज्या गाण्यात ब्लूज यजमान आहे तिथे पेटी नाही. घरच्यांना वाईट वाटेल, काकांची पेटी आहे, वगैरे. काकांना लोकगीतवाल्या गाण्यात घ्या.

तंबूऱ्याची एक अडचण आधीच सांगून ठेवते. तंबूरा सा-प धरून बसतो. ए-सेवनवर छान, डी-सेवनवरही चालतं कारण सा त्या कॉर्डमध्ये आहेच, पण ई-सेवन आली की तिच्यात शुद्ध नी असतो आणि तो सा ला घासतो, कानाला टोचतं. मग एकतर तिथे ई ची कॉर्ड तिच्या गंधाराशिवाय (ई ला सा धरून) वाजवा, नुसते ई आणि बी, म्हणजे तो नी च गेला. नाहीतर सरळ एकाच कॉर्डचं गाणं करा. जॉन ली हूकर या ब्लूजवाल्याने एकाच कॉर्डवर पायाने ठेका धरून काय काय गाऊन ठेवलंय. निर्गुणी भजन आणि एका कॉर्डचा ब्लूज यांच्यात मला तरी सगळ्यात कमी अंतर वाटतं, आणि पहिल्या अल्बममध्ये एखादं गाणं असं असलंच पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे.

ताल. ब्लूजचा शफल म्हणजे प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, चार ठोक्यांचा बार, म्हणजे बारा. ढोलकवाल्याला शफल शफल म्हणून ओरडू नका, त्याला म्हणा द्रुत दादरा लावा, सहा अधिक सहा, एका बारमध्ये दोन आवर्तनं. पाच मिनिटांत जमतं. कहरव्यावरही ब्लूज होतो पण मग गिटारने सरळ वाजवायचं, दोघांनी दोन तऱ्हेने झोके घेतले की गाणं लंगडतं.

पट्टी ठरवा, गिटारला विचारू नका

गिटारवाले गाणं ई किंवा ए मध्ये बांधतात कारण बोटं तिथे पडतात, आणि मग गाणारी बिचारी वरच्या स्वरात किंचाळते. उलट करा. आधी गळ्याची पट्टी बघा. काळी पाच (पेटीवरची) असेल तर कॅपो, म्हणजे तारा दाबून गिटारची पट्टी चढवणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावून ए चे आकार वाजवा. काळी एक असेल तर चौथ्यावर ए चे आकार नाहीतर पहिल्यावर सी चे. गाणं सगळ्यात वर जातं ती ओळ रात्रीच्या थकलेल्या आवाजात म्हणून बघायची, तेव्हा जमली तर पट्टी बरोबर.

पॉपचं थोडक्यात. पॉपला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे पण गाणं साडेतीन मिनिटांत आटपायला पॉपच शिकवतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते एक स्ट्रीम धरतात, तेव्हा एक मिनिटाचा आलाप सुरुवातीला नको, तो शेवटी घ्या, ज्यांना आवडलं ते थांबतातच. ध्रुवपद एका मिनिटाच्या आत यावं. आणि शब्द आपल्या बोलण्यातले घ्या. आपण घरी जे इंदुरी मराठी बोलतो, त्यात हिंदी येतं, भिया येतं, माळवी येतं, ते गाण्यात आलं की मग पुण्याची मावशी काहीही म्हणू दे.

घरी रेकॉर्डिंग

पहिला अल्बम स्टुडिओत करायलाच पाहिजे असं नाही. दोन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा (फोकसराइट स्कारलेट टू-आय-टू सगळ्यांकडे असतो, उधार मिळतो), एक कंडेन्सर माइक, एक शुअर एसएम फिफ्टीसेव्हन माइक, आणि बंद हेडफोन. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण लागतं, ते न दाबता माइक खराब आहे म्हणून दुकानात परत नेणारे लोक असतात. सॉफ्टवेअर रीपर घ्या, ६० दिवस पूर्ण चालतं, मग लायसन्स घ्या, महाग नाहीये. सेटिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ, आणि आवाजाचं शिखर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल दिवा लागला की तो टेक गेला.

खोली म्हणजे कपाट असलेली बेडरूम. कपाटाची दारं उघडायची, मागे गोधड्या लटकवायच्या, गाणारीच्या पाठीमागे नक्की, कारण माइक तिच्या मागची भिंत ऐकतो. पंखा बंद, म्हणजे एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत येते, २०१७ पासून स्वच्छतेत देशात आपला पहिला नंबर लागत आलाय त्याची ही किंमत, तेव्हा सकाळचं रेकॉर्डिंग सोडाच. लग्नसराईत वरात, गणपतीत मंडप. रात्री साडेअकरानंतरचे दोन तास हे खरे, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

गिटारला माइक बाराव्या फ्रेटकडे तोंड करून वीतभर लांब. भोकासमोर नाही, तिथे नुसती घुमघुम येते. ढोलकला दोन्ही बाजूंना एकेक माइक, आणि जाड बाजूचा थोडा लांब. गळ्याला पॉप फिल्टर, आणि ब्लूजच्या हळू ओळींना माइकच्या जवळ या, जवळ आलं की आवाजाला खालचं वजन मिळतं, लोकगीतात मात्र हातभर मागे सरका आणि अंगणात गाताय असं गा. एकाच माइकवर दोन वेगळे आवाज मिळतात, फुकट.

क्लिकबद्दल (रेकॉर्डिंग करताना कानात वाजणारा मेट्रोनोमचा ठोका) भांडणं होतात. माझं म्हणणं, पॉप यजमान असेल तर क्लिक लावा, लोकगीत यजमान असेल तर नका लावू, ढोलक आणि गिटार एकत्र वाजवून घ्या (इनपुट दोनच, तेव्हा इथे ढोलकला एकच माइक), लय थोडी वाढते शेवटाकडे, वाढू दे, बायका गातात तेव्हा वाढतेच की. शफलला क्लिक लावलीच तर तीन-तीनच्या भागांची लावा. आणि गळा शक्यतो अख्ख्या गाण्याचे तीन-चार टेक घेऊन त्यातले तुकडे निवडा, ओळ-ओळ करून गायलं की शब्द नीट येतात पण गाणं मरतं. ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर, त्या मधल्या गंधाराला खेचून कुठल्यातरी एका पट्टीवर नेऊन बसवतं, म्हणून ब्लूजच्या गाण्यात ते बंद म्हणजे बंद.

मिक्सिंगचं फार लिहीत नाही, ते ऐकूनच येतं. गळा पुढे ठेवा, गळ्याच्या आणि गिटारच्या ट्रॅकमधलं ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका म्हणजे ढोलकाच्या जाड बाजूला जागा मिळते, रिव्हर्ब (आवाजाला लावलेला घुमारा) जितका बरा वाटतो त्याच्या अर्धा करा. मग फोनच्या स्पीकरवर आणि कोणाच्या तरी गाडीत ऐका. मास्टर, म्हणजे शेवटची फाइल, उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज सरासरी किती मोठा ते मोजायचं माप) आसपास पुरे, स्पॉटिफाय तसंही सगळ्यांना तिथेच आणून ठेवतं, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या खाली.

अल्बम म्हणजे नुसती गाणी एकत्र नाही

आठ गाणी पुरे, अर्धा तास. तीन लोकगीत-यजमान, तीन ब्लूज, दोन पॉप, असं काहीतरी, पण गठ्ठे करू नका, एकाच घरातली वाटली पाहिजेत. त्यासाठी काहीतरी सगळ्यांत सारखं ठेवावं लागतं: तीच गिटार, तीच खोली, गळ्यावर तोच रिव्हर्ब. प्रत्येक गाण्याला वेगळा अरेंजर घेतला की आठ जाहिराती तयार होतात. पहिलं गाणं ते ठेवा ज्यात यजमान सगळ्यात स्पष्ट आहे, आणि एका कॉर्डवालं जरा मागे, पाचवं-सहावं, तोपर्यंत ऐकणारा सैल झालेला असतो.

गाणी वाजवायला बसण्याआधी, परत सांगते आधी, कागदावर लिहा शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के. मैत्रीत हे लिहायला जड जातं पण नंतर त्याहून जड जातं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही, पण तो मिळायला आयपीआरएसचं (ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासद व्हावं लागतं, ते होऊन घ्या. आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) डिस्ट्रिब्यूटरच देतो, म्हणजे तुमची गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, सवयीने हिंदी निवडलं जातं इथे, आणि मग गाणं चुकीच्या गर्दीत जातं. नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये सगळीकडे एकाच स्पेलिंगने. आणि पैशांची स्वप्नं जरा आवरा, २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला वर्षात १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे पैसेच धरत नाहीत.

पहिली दोन गाणी सुटी सोडा, महिन्याच्या अंतराने, मग अल्बम. संजा-भोंडल्यावरचं गाणं असेल तर ते भाद्रपदात तयार हवं, म्हणजे उन्हाळ्यानंतर लगेच रेकॉर्डिंग. फाइल डिस्ट्रिब्यूटरकडे चारेक आठवडे आधी चढवा कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांना गाणं सुचवायचं असेल तर ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी जावं लागतं, आणि त्या छोट्या रकान्यात "अनोखं फ्यूजन" असलं काही लिहू नका, तिथेही सरळ लिहा की गाणं लोकगीत आहे, इंदूरचं आहे, आणि गिटार ब्लूजची आहे.